बावन्न पावलं

मार्व्याहून मनोरीला जाणाऱ्या होडीत
ऋताचा दात पडला.
रक्त फार नाही, रुमालाला टिकलीएवढं.
दात तिने तिकिटात गुंडाळला, खिशात घातला
आणि विचारलं, डबा अजून किती लांब?

नऊशे चाळीस मीटर, निषाद म्हणाला
फोनमधून मान वर न काढता.

डबा म्हणजे
कुणा अनोळखी माणसाने लपवलेला डबा,
ज्याचा पत्ता नसतो, फक्त आकडे असतात.
उत्तर एकोणीस अंश, पूर्व बहात्तर,
पुढे मिनिटं, मिनिटांचेही तुकडे.
सापडला तर वहीत नाव लिहायचं,
एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची,
झाकण लावून गुपचूप निघायचं.
"पण यात बक्षीस काय?"
अप्पांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

अप्पा सिटी सर्व्हेत चौतीस वर्षं.
साखळी ओढत अर्धं उपनगर मोजलेले,
आणि आकाशातून कुणी जमीन मोजतं
यावर त्यांचा आजही विश्वास नाही.

बोंबलांच्या वलांड्यांखालून गेलो.
मग शेवंतीचा हार घातलेला क्रूस,
मग डांबर संपलं.
दोन्हीकडे वाल, मध्ये बांध,
बांधावर एकामागे एक आम्ही पाच जण,
खाडीपलीकडे धुरकट टॉवर.
हीपण मुंबईच का, ऋताने विचारलं.
मी म्हटलं, हो.
म्हशीनेही मान हलवली, पण ती माशांसाठी असावी.

बाणाने एका चिंचेपाशी आणून सोडलं.
शून्य मीटर.
निषादने ढोली चाचपली,
मी मुळं, ऋताने वारूळ (लांबूनच),
आणि हेरंबने चिंचेभोवती पाच फेऱ्या मारल्या
जन्मोजन्मी हीच बायको मिळावी अशा चेहऱ्याने.
काही नाही.
मुंगळे होते. एक चप्पल होती.

तेवढ्यात वईपलीकडून, हातात कोयता,
"डबा हुडकताव?
तो माजे घरान हाय."

इझाबेलबाईंच्या ओटीवर आम्ही ओळीने बसलो.
त्यांनी फडताळातून डबा काढला,
खोबऱ्याच्या बरणीमागून.
चिंचेची फांदी पडली, डबा फुटला, पाणी शिरलं.
वही त्यांनी पान-पान करून
दोरीवर चिमटे लावून वाळवली होती.
पानं पापडासारखी वळलेली,
नावं निळ्या डागांत विरघळलेली,
मधेच एखादं वाचता येणारं.
"बाईंनी पाणी दिलं."
"बाईंनी ताडगोळे दिले."
"कुत्रा चावत नाही."

"पण हे नियमात बसत नाही," निषाद म्हणाला,
"आकडे चुकीचे ठरतात."

अप्पा काही बोलले नाहीत.
उठले, परत चिंचेपर्यंत गेले,
आणि तिथून ओटीपर्यंत चालत आले
ओठ हलवत, टाच-टाच टेकवत,
एका नव्या माणसाला मी पाहावं तशी
मी त्यांना पाहत होते.
मग वहीत, सरकारी वळणाच्या अक्षरात,
"चिंचेच्या बुंध्यापासून ईशान्येस बावन्न पावलं.
निळं दार. समक्ष पाहणी केली."
खाली सही, तारीख, दोन रेघा.

ऋताने डब्यातली शिट्टी घेतली.
बदल्यात काय, तर तिकिटाची पुडी.
इझाबेलबाईंनी उघडून पाहिली, हसल्या.
"कौलांवर फेक गो बाय, नवा लवकर येल."
ऋताने मान हलवली.
नको. डब्यातच.
वहीत माझं नाव लिहा, मला जोडाक्षर जमत नाही म्हणाली,
आणि तिच्या नावात तर
जोडाक्षर नाहीच.

परतीच्या होडीत ती शिट्टी फुंकत राहिली.
पडलेल्या दाताच्या फटीतून नुसती हवा,
नुसती थुंकी,
आणि खाडीच्या अगदी मध्यावर
एकदम खणखणीत वाजली.

तांडेलला वाटलं, कुणी थांब म्हणतंय.
त्याने इंजिन बंद केलं.
होडी हलत राहिली, तिवरांचा वास आला.
बराच वेळ
चल म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही.