माटोळीचा हूक

एर्मेलिंदा स्विंडनला गेली त्या पहाटे
दार वाजवून तिने माझ्या हातात एक डबा ठेवला.
चीजचा, जुना, निळा, गोल,
बुडाला खिळ्याने पाडलेली तीन भोकं,
आत चार बोटं माती
आणि काठावरून सांडलेली
मसुराएवढ्या पानांची वेल.
नाव विचारलं, तर म्हणाली, कोणाक खबर.
“चड उदक घालूं नाका. बोट घालून पळय.”
खाली टॅक्सी भोंगा वाजवत होती.

पहिल्या महिन्यात मी तिला मायेनेच बुडवली.
देठ उकडलेल्या शेवयांसारखे मऊ झाले.
कुजलेलं छाटलं, उरले सहा दोरे.
मग बोट घालायला शिकलो,
पहिल्या पेरापर्यंत.
थंड लागलं तर नको. कोरडं लागलं तरी
उद्यापर्यंत थांबून बघायचं.

आमची खिडकी बंदराकडे.
कोळशाचं जहाज लागलं की
वास्कोतली पांढरी मांजरं करडी होतात,
पानांचं काय सांगू.
एकेक पान पुसायला माणूस निवृत्तच हवा,
तो मी आहे, तरीही नाही जमत.
म्हणून मातीवर ओला पंचा बांधून
डबा उलटा धरतो, बादलीत वेल बुचकळतो,
न्हाणीत लहान मुलीचे केस धुवावेत तशी,
आणि पाणी काळं होतं.

हॉलच्या छताला दोन हूक आहेत, माटोळीचे.
डिचोलीचं घर खाणीने गिळलं
तेव्हापासून गणपती इथेच, तिसऱ्या मजल्यावर.
बाकीचे अकरा महिने हुकांना काम नसतं.
त्यातल्या एकाला डबा लावला.
वेल खाली येत गेली, पंख्याच्या वाऱ्यात
टीव्हीवरच्या बातम्यांना जरा आडवी.

चवथीला ती उतरवावी लागली.
पुतण्या सोयरू स्टुलावर चढून बांधत होता
कांगला, घागऱ्या, आंबाडे, तोरिंजन.
काढताना एक दोरा तुटला.
“हाही बांधू?”
माटोळीला रानातलं लागतं, मी म्हटलं.
ही तर चीजच्या डब्यातली.
तोपर्यंत त्याने बांधलाही होता,
नारळाच्या शेंडीला गुंडाळून.

सातव्या दिवशी माटोळी सोडली.
आंबाडे पिकून घरभर आंबूस वास.
नारळ सोलायला घेतला तर
शेंडीत काहीतरी अडकलेलं.
वेलीने पेरापेरातून
केसाएवढी पांढरी मुळं काढून
काथ्या धरून ठेवला होता.
मी कोयता बाजूला ठेवला.
नारळ तसाच राहिला,
त्या वर्षी खोबरं बाजारातून आणलं.

डिसेंबरात तिचा व्हिडिओ कॉल आला.
तिथे चार वाजताच काळोख,
गोदामातली पाळी संपवून
कोट न काढताच बसलेली.
मी फोन वर नेला, हुकापाशी,
मग नारळापाशी, मुळं दाखवली,
गोष्ट सगळी सांगितली, सोयरूसकट.
ती काहीच बोलेना.
नेट गेलं असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

“डबो गंजला मरे,” ती म्हणाली.
“बदलूं नाका.”