लाक्षणिक

हिवाळी अधिवेशन आलं की शासकीय मुद्रणालयात
आम्हाला रात्रपाळी लागते.
सिव्हिल लाइन्समध्ये रस्त्यांना डांबर, झाडांना गेरू आणि चुना,
मुंबईहून ट्रकभर फायली,
आमच्या वाट्याला थर्मासभर चहा, सरकारी खर्चानं.

बारापात्रे मूळ प्रत मोठ्यानं वाचतात,
छापलेल्यावर माझं बोट सरकतं.
सव्वीस वर्षं हेच.
पुरवणी मागण्या, पान एकशे बारा,
डोक्यावर बारीक टाइपात: आकडे हजार रुपयांत.
विश्रामगृहाची दुरुस्ती, पंधरा हजार दोनशे.
उड्डाणपूल, चार लाख साठ हजार.
पाढे म्हटल्यासारखा एकच सूर,
स्वल्पविरामसुद्धा म्हणतात ते.
मग: सूत महागल्यामुळे बंद पडलेल्या हातमागांना साहाय्य.
एक.

एक काय?
एक.

रकान्यात पुढेमागे कोणी नाही.
मला वाटलं शून्यं गळाली.
समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं, त्याभोवती गोल.
आमची थंडी न सोसणारा एक कक्ष अधिकारी
मफलर सावरत आला आणि शेजारी लिहून गेला:
बरोबर. लाक्षणिक तरतूद.

म्हणजे हजार रुपये. साऱ्या मागांना मिळून.
म्हणजे दार किलकिलं ठेवायचं,
पैसे कधी आलेच तर वाट असावी.

माझा भाऊ देवाजी, तांडापेठेत.
मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यानं कूलर ठेवलाय,
आणि स्वतः बर्डीवर पार्किंगच्या पावत्या फाडतो.
सुताचं शेवटचं बिल अजून खिळ्याला अडकवलेलं,
त्यावर कर: एकशे सदुसष्ट रुपये चाळीस पैसे.
तिथं लाक्षणिक काही नाही.
टेकडी रोडवर मोर्चा अडवला तेव्हा
आत गेलेल्या सात जणांत तो होता.
निवेदनाचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं.

सभागृहात मांडेपर्यंत कागदातलं बोलायचं नाही.
तीन दिवस मी त्याच्या गल्लीत गेले नाही.

चौथ्या दिवशी तोच आला,
एका हातात पेपर, विणकरांना दिलासा,
दुसऱ्या हातात संत्राबर्फीचा डबा.
"तुले तं आधीच माहीत असन. किती व बाई?"

म्हटलं, शीर्ष उघडलंय. लेखाशीर्ष.
"डोकं उघडलं म्हन्ते?
मंग हात कुठी ठेवले?"

हसलो दोघंही. मग मी आकडा सांगितला.

ताण्याच्या तारा मोजायची सवय त्याला, हिशेबाला पक्का.
छताकडे बघत म्हणाला, अठराशे घरं आपली.
पंचावन्न पैसे घराला.
"येवढं नाणं तं आता निघतच नाही."

नंतर बराच वेळ तो पेपरची घडी घालत होता,
कापडाची घालतात तशी,
काठाला काठ लावून, तळव्यानं दाबत.
मी सांगणार होते की पुढच्या मार्चमध्ये कदाचित,
की आधी असंच एका धरणाचं झालं होतं.
त्या धरणाचं पुढे काय झालं ते आठवेना.

"खा न," तो म्हणाला, "आनली आहे तं."

खाल्ली.
रात्री पाळीवर बारापात्रे पान एकशे तीस वाचत होते
आणि माझं बोट मागेच राहिलं होतं, एकशे बारावर.
पुन्हा तपासलं.
चूक एकही नव्हती.