नखभर

हेर्मिंदा, पाय दे.
चष्मा लावलाय, दिवा जवळ ओढलाय,
कानस धुऊन, पुसून फडक्यावर ठेवलीये.
लाजतेस कसली?
एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला.
त्यातली घरी किती काढली मी,
ते मोजायला तुझ्या पायाची बोटंच पुरतील.

मी तिकडे, माल्विनासच्या पाण्यात, स्क्विडच्या मागे.
तू इथे, आरोउसाच्या खाडीत,
भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवून
रबरी बुटांत गुडघाभर उभी,
पंजा ओढत, तिसऱ्या वेचत.
बुटात शिरलेलं पाणी दुपारपर्यंत बुटातच.
आई म्हणायची, सुनेचा पायगुण चांगला.
पाय मात्र कुणी पाहिले नाहीत.

आणि मी गुत्त्यात छाती फुगवून सांगायचो,
वादळ पाहिलेल्या माणसाच्या
नखाचीही सर नाही किनाऱ्यावरच्यांना.

सुट्टीवर यायचो तेव्हा तू मोजे घालून झोपायचीस.
मला वाटायचं, थंडी.
जुलैतही मला वाटायचं, थंडी.

मग गेल्या वर्षी धक्क्यावर घसरलीस,
नर्सने मोजा ओढला,
आणि मी पाहिलं ते अंगठ्याचं नख:
जुन्या मेणासारखं पिवळं, पत्र्यासारखं उचललेलं,
खाली भुसा.
कधीपासून, विचारलं.
म्हणालीस, ब्रेइशो झाला त्या वर्षापासून.
ब्रेइशोला आता टक्कल पडतंय, हेर्मिंदा.

हळूहळू कळलं एकेक.
रोज रात्री टोपल्यात कोमट पाणी आणि व्हिनेगर,
अर्धा तास, रेडिओ लावून
(मी समजायचो घराला सॅलडचा वास येतो);
ठेचलेला लसूण, वर चिंधी;
कफाचं मलम, चार हिवाळे;
बाल्बिनाच्या सांगण्यावरून ब्लीच, एकदाच,
त्याचा डाग अजून आहे घोट्यापाशी;
आणि माझी घरगुती दारू,
जी मला वाटायचं ब्रेइशो चोरतो.
त्या पोराला मी मारलंही होतं एकदा.

डॉक्टर साबेलाने आधी औषध दिलंच नाही.
नखाचा तुकडा डबीत घातला, नाव लिहिलं,
म्हणाली, जाड नख म्हणजे बुरशीच असं नाही, बघू दे.
मग तीन महिने गोळी,
त्याआधी रक्त, मध्येही रक्त,
रात्रीचा वाइनचा पेला बंद.
तू बाहेर आल्यावर चिडलीस:
एवढ्याशा नखासाठी आख्खं यकृत तपासतात!
मीही सोडला पेला. त्याबद्दल काही बोललो नाही,
आता बोललो.

गोळ्या संपल्या. राहिलं हे खरवडणं आणि हा लेप.
खरवडणं मला येतं.
सोळाव्या वर्षी बोटीच्या बुडाला लोंबकळून
तेच शिकलो, आणि मुकादम वरून ओरडायचा,
गंज ठेवून रंग मारशील तर
आतून खाईल, वरून चकाकेल!
फक्त तिथे हात जोरात चालायचा.
इथे महिन्याला दीड मिलिमीटर.
हजारो मैल मोजत आलेला माणूस मी,
रविवारी खिडकीत बसून बघतो
तांदळाच्या कणीएवढं गुलाबी पुढे सरकलंय का.

सरकलंय. बघ.
मुळापासून निम्मं नवं आहे,
पुढचं निम्मं अजून तेच, माझ्या नसण्याचं.
ते मी आणतोय खाली, भुगा भुगा करून.
हललीस का? दुखलं?
गुदगुल्या?
तुला तळव्याला गुदगुल्या होतात?

हं. करंगळीचं राहू दे म्हणतेस, तर राहू दे.
साबेला म्हणालीच आहे, परत येऊही शकते.
बुटांत वर्तमानपत्र कोंबून ठेवलंय,
सकाळपर्यंत सुकतील,
ओहोटी आठ चाळीसला.

आता दुसरा पाय.
थांब, त्याची कानस वेगळी आहे.