स्केलसाठी माणसं

दारव्ह्याच्या अलीकडे, अडाण नदीच्या काठी,
कूलरसमोर बसून मी एक शहर वाढवते आहे.
मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
पडद्यावर वाळवंट, तिथंही तेवढंच असेल,
पण तिथल्या झाडांना मी वारा दिला आहे.

इमारत एकोणऐंशी मजल्यांची.
प्रत्येक मजला खालच्यापेक्षा दीड अंश वळलेला,
जसं कुणी ओलं धोतर पिळता पिळता
हाक आली म्हणून तसंच टाकून गेलं.
दोन इमारतींच्या मध्ये, हवेत, बाग.
रस्ता कुठंच जमिनीला टेकत नाही.

बाबा मागं येऊन उभे राहतात.
बोटांच्या भेगांत चाळीस वर्षांचं सिमेंट.
बराच वेळ बघतात.
"इचा ओयंबा कोठी सोडतेत व?"
मी म्हणते, ते कॉम्प्युटर बघतो.
"पाहत असन. हात कापत असन त्याचा."

त्यांनी सरळच बांधलं सगळं:
शाळेच्या दोन खोल्या, जिनिंगचं कंपाऊंड,
आणि गावाबाहेरची पाण्याची टाकी.
ती उतरली तेव्हा मी सहा वर्षांची होते.
उतरली, असंच वाटायचं मला.
एका सकाळी सेंट्रिंग निघालं होतं
आणि तुरीच्या पलीकडे ती उभी,
सहा पायांवर, कुठल्या तरी ग्रहावरून आलेली.
मी पाटीवर तिचं चित्र काढलं.
गुरुजी म्हणाले, शिडी राहिली.

कंपनीचं म्हणणं, माणसं टाका.
माणसाशिवाय उंची कळत नाही.
तयार माणसं मिळतात, शंभराचा गठ्ठा:
हातात कॉफी, कानात गाणी,
पाठमोरी, कुणाचीच नसलेली.
मी आमची टाकली.
दाराशी चंद्रभागा मावशी, डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा.
काचेच्या कारंज्याजवळ इस्माईलचाचा आणि सात बकऱ्या
(चार काढाव्या लागल्या, फाइल जड होत होती).
आणि हवेतल्या बागेत, कठड्याला हात लावून, बाबा.

लाइट गेली. एकाहत्तर टक्क्यांवर.
यूपीएस टिटवीसारखा ओरडला आणि गप्प झाला.

अंगणात खाटा टाकल्या.
अंधारात फक्त टाकी दिसत होती, आभाळापेक्षा थोडी काळी.
"इतक्या वरतं पानी कसं नेतेत?"
मध्ये मध्ये टाक्या असतात, मी म्हटलं. दर वीस मजल्यांवर.
"म्हंजे आपल्यावानीच."
मग कूस बदलून झोपले,
काही तरी सुटल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी मेल.
चित्र आवडलं. एक दुरुस्ती.
ती भारा घेतलेली बाई ठेवा किंवा काढा,
तिची सावली चुकते आहे.
सगळं शहर उत्तरेला सावली टाकतं,
ती एकटीच पूर्वेला.

खरं होतं.
फोटो फाल्गुनातला, पावणेसहाचा,
मावशी वावरातून परत येताना.
मी हाक मारली तर थांबली नाही,
"भारा उतरवला तं पुन्हा कोन चढवून देईन?"

तिला पुसणं एका बटणाचं काम.
मी सूर्य सरकवला.

मग एकोणऐंशी मजले, बाग, अधांतरी रस्ता,
सगळं आमच्या पावणेसहात आलं.
काचांना तुरीच्या डाळीचा रंग चढला.
तीन बकऱ्यांच्या सावल्या
उंटांएवढ्या झाल्या.

पाठवण्याआधी, हात आवरला नाही म्हणून,
बाबांच्या बोटातून एक दोरा खाली सोडला.
एका पिक्सेलचा. टोकाला पितळेचा ठिपका.
त्या पिळलेल्या इमारतीशेजारून तो खाली जातो,
कुणाकडे न बघता.

उत्तर आलं: मंजूर.
दोऱ्याचं कुणी विचारलं नाही.

बाबांना सांगायला गेले तर घरात नव्हते.
टाकीच्या शिडीची तिसरी पायरी गंजली आहे,
ती बदलायला गेलेत.