धूळ कुठल्या रकान्यात

फळ्यावर तीन रकाने आखले.
स्थायू. द्रव. वायू.
आखता आखता खडू तुटला
आणि पहिलं उदाहरण पायाशी पडलं.

तुर्भे, दुपारची शाळा, सहावी ब.
पट एकोणपन्नास, हजर एक्केचाळीस.
स्थायू म्हणजे काय रे?
हुलगेश धोत्रे उभा राहिला :
"ज्याच्यावर घण मारला की
आपल्याच हाताला झिणझिण्या येतात, तो."
पुस्तकात असं नाही.
पुस्तकात ठरावीक आकार, ठरावीक आकारमान.
मी दोन्ही लिहून घेतलं.

द्रव म्हटल्याबरोबर तिघी ओरडल्या, टँकर!
हर्षाली म्हात्रेची आई नाक्यावर मासळी विकते.
"बाई, दहाला बर्फ लादी असतो,
बाराला पाणी,
आणि एकला पापलेटचा भावपण."
वर्ग हसला. मीही.
ते मात्र फळ्यावर नाही लिहिलं.

वायू? जरा वेळ कुणीच नाही.
मग मागून, तोंडातल्या तोंडात :
"कंपनीतनं येतो रात्री. आई खिडकी लावते,
तरी येतो."
उपलब्ध असलेली सगळी जागा व्यापतो,
मी वाक्य पुरं केलं, पान बत्तीस,
आणि पुढे काही सुचेना
म्हणून सगळ्यांना व्हरांड्यात काढलं.

चला, तुम्ही कण.
खांद्याला खांदा, हात घट्ट.
जागा सोडायची नाही, नुसतं थरथरायचं.
थरथरले. व्हरांड्याचा कठडाही थरथरला.
आता हात सैल, एकमेकांना घासून सरका,
पण घोळका मोडू नका. सरकले,
कुणाची तरी चप्पल वाहून गेली.
आता वायू,
म्हणायचा अवकाश :
नळापर्यंत, संडासापर्यंत, फाटकापर्यंत,
वॉचमनच्या खुर्चीवर दोघं,
मुख्याध्यापिका दारात, चष्मा कपाळावर.

गोळा करून मोजले. चाळीस.

रेणुका मागच्या भिंतीशी सापडली,
विटांच्या ढिगावर चढून
टेकडीकडे बघत. तिकडे खडी फुटत होती,
करड्या ढगाला बुड नव्हतं.
घरी तिला रेणू म्हणतात.
दोन वर्षांनी हाच शब्द तिला पुस्तकात भेटेल,
तेव्हा मी शिकवायला नसेन.

"बाई, धूळ कशात?"
कशात म्हणजे?
"दगडच ना ती? मग माठात कशी जाते झाकणाखालनं?
चादरीत चादरीसारखी होते.
बाच्या छातीत जाऊन बसलीय,
तिथनं निघत नाही.
मग ती स्थायू का वायू?"

स्थायूच, म्हटलं. बारीक स्थायू.
प्रत्येक कणाला स्वतःचा आकार असतो,
आपल्याला दिसत नाही एवढंच.
उत्तर बरोबर होतं.
इतक्या चटकन द्यायला नको होतं.
तिने मान हलवली,
बरोबर उत्तर मिळाल्यावर मुलं हलवतात तशी,
आणि ढिगावरून उतरली.

घटक चाचणीत गट ओळखा, पाच गुण.
मध, कापूर, हवा, लोखंड,
आणि पाचवा शब्द मी स्वतः घातला.
चाळीस जणांनी धुळीपुढे लिहिलं, स्थायू.
दोघांनी एकमेकांचं बघून, द्रव.
रेणुकाने लिहिलं :
स्थायू, पण वाऱ्याच्या संगतीला लागलेला.

एका शब्दात उत्तर अपेक्षित होतं.
अर्धा गुण कापला,
खोडला, परत दिला,
त्या जागी कागद थोडा विरला.

आता फळा मी ओल्या फडक्याने पुसते.
सुकायला वेळ लागतो.
पुढचा तास गणिताचा,
खैरमोडे सर रोज कुरकुरतात.