बोर्ड भाव

जिनिव्हातल्या त्या खोलीची खिडकी उघडत नसे.
तिथे मी अडीच वर्षं एका कराराची परिशिष्टं वाचली.
केळी : शून्य आठ शून्य तीन.
त्या आकड्याला चीक नव्हता, वासही नव्हता.

इथे सावद्यात
सुपडू तायडे सकाळी स्टुलावर चढतो,
कालचा भाव ओल्या फडक्यानं पुसतो.
पूर्ण जात नाही. पांढरट ढग राहतो,
त्यावरच आजचा.

कोण ठरवतं? मी विचारते, वही उघडी.
"कोन ठरवते? फोन येते, मी लिहितो."
कुणाचा?
तो खडूची बोटं पायजम्याला पुसतो.
"तुमी शिकेल मानसं. तुमालेच ठाव."

माझ्या तक्त्यात खरेदीदार सात.
सात परवाने, सात गाद्या, सात बिलबुकं,
म्हणून शेरा : स्पर्धा समाधानकारक.
चौथ्या दिवशी लक्षात आलं,
साताही गाद्यांवर चहा एकाच किटलीतून जातो,
आणि किटलीवाला अरमान तडवी
या गादीवरचं वाक्य त्या गादीवर
थेंबही न सांडता पोचवतो.

करार लागू झाला त्या तारखेवर
मी आलेखात उभी रेघ ओढली होती.
परक्या बंदरातला भाव रेघेशी येऊन उडी मारतो.
सावद्याचा मात्र
गाडीवान झोपलेला असताना बैल शीव ओलांडतो
तसा ओलांडून जातो.

सुपडूकडे एकोणीस वर्षांच्या डायऱ्या निघाल्या,
खत कंपनीनं दर दिवाळीला फुकट दिलेल्या.
रोजचा भाव. काही भावांशेजारी टिंब.
हे काय?
"त्या दिवशी भायेरची गाडी आलती. फोन दोनदा आला."

रात्री लॉजवर, पंख्याच्या खरखरीत, मी टिंबं मोजली.
एकोणीस वर्षांत एक्केचाळीस.
एक्केचाळीस दिवस आठवा माणूस होता गावात,
आणि दर वेळी दुपारनंतरचा भाव
सकाळच्यापेक्षा वर.
सहा वर्षांचं माझं समीकरण
त्या निळ्या टिंबांपुढे
जावयासारखं अवघडून बसलं.

निबंधात तळटीप टाकली :
आधार, सु. तायडे यांच्या डायऱ्या.
परीक्षकानं विचारलं, ही संस्था कोणती?

निघताना सुपडू स्टुलावरच होता.
"ताई, तिकडं, करारवाल्यांकडं,
फळा कोन पुसते?"

बस सुटेपर्यंत मी आठवत राहिले.
तिथे फळा नव्हता.