पाणसळ

मैनोद्दीन मिस्त्री, औसा. वय एकोणसाठ.
तक्रार: विटा खोटं बोलायल्यात.
मी कागदावर लिहिलं: डावा कान, मंद.

त्यांची रीत अशी, की वीट विटेवर हाणायची
आणि कानाशी न्यायची.
भाजलेली खणकते, कच्ची थप्प करते.
"डावीकडं सगळ्याच कच्च्या वाजायल्यात, बाई.
भट्टीवाल्याशी भांडलो उगंच."

लातूरच्या या खोलीला चारी बाजूंनी फोम.
त्यांनी अंगठा दाबून पाहिला. "गिलावा न्हाई," म्हणाले.
मी हेडफोन चढवला, बटण हातात दिलं.
जाड सूर: दाबलं.
मधला: उशिरा.
बारीक सुराला अंगठा
नुसता वाट बघत राहिला.

"अंधारात कसं चालता?"
"भिंत धरून. मीच बांधलेली हाये, म्हणून भरवसा."

फिल्म घेऊन ते पुन्हा आले, तेव्हा
पिशवीतून पाणसळ डोकावत होती.
मी तिच्याकडे बोट केलं. ही तुमच्या कानातही आहे.
एक नाही, तीन, एकमेकींशी गुण्यात,
खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी भेटतात तशा.
आत पाणी.
मान वळली की हाड वळतं, पाणी मागे राहतं,
घमेल्यातलं राहतं तसं,
आणि मागे राहता राहता इवलीशी लव वाकवतं.
तेवढ्यावर मेंदूला कळतं, आपण वळलो.
खाली दोन पिशव्या. त्यांत चुन्याचे कण.
"चुना?"
कळीचा नव्हे, पण चुनाच. त्याच्या ओझ्यानं कळतं,
खाली कुठे आहे.
"म्हंजी ओळंबा."
नऊ वर्षं मी हे लोकांना सांगते आहे,
हा शब्द मला सुचला नव्हता.

शेजारी शंख, अडीच वेढ्यांचा,
तोंडाशी बारीक आवाज, शेंड्याशी जाड.
ऐकण्याचे धागे आणि तोलाचे धागे
हाडाच्या एकाच बोळात शिरतात,
करंगळीच्या नखाहून अरुंद.
पुढे दोघांना मिळून एकच नाव: आठवी नस.
सोबत सातवी, ती चेहरा हलवते.
"एवढ्याशा बोळात तीन बिऱ्हाडं!"
आणि बोळाच्या तोंडाशी, फिल्मवर पांढरी,
चिंचोक्याएवढी गाठ.
बसली आहे तोलाच्या धाग्याच्या सालीवर,
जाच आवाजाला.

मिस्त्री बराच वेळ फिल्म धरून होते, उजेडाकडे, उलटी.
"मग परांचीवरनं मी पडलो कसा न्हाई?"
कारण ती सावकाश वाढली.
रोज चिमूटभर तोल जायचा
आणि मेंदू तेवढाच उसना आणायचा
उजव्या कानाकडून, डोळ्यांकडून, तळपायांकडून.
रात्री डोळे उसनं देत नाहीत.

"त्र्याण्णवला जमीन हालली,
ती समद्यांची हालली. कुणाला इचारायची गरज न्हवती.
नव्या गावठाणात मग तीन वर्सं भिंती उचलल्या.
आता रातच्याला उठलो की हालती,
आन् शमीम म्हणती, कुठं हालतीय?"

याला माझ्याकडे तक्ता नव्हता.

गाठ काढली. तोलाचा धागा तिच्याबरोबर गेला,
ऐकण्याचाही वाचला नाही.
सातवी वाचली; चार महिने हसू
चौकटीतून निसटलेल्या दारासारखं एका अंगाला झुकलेलं,
मग हळूहळू जागेवर.
ते पुन्हा आले, काठीशिवाय, पाय जरा फाकवून,
शमीमबी दोन पावलं मागे, हात अर्धा पुढे केलेला.
डाव्या कानात मशीन देईल तेवढा आवाज दिला.
अंगठा हलला नाही.
तक्त्याच्या तळाशी सरळ रेघ.
"सपाट?"
"सपाट."
"लायनीत तरी आली."

जाताना ते दाराशी थांबले.
मला वाटलं, चक्कर.
त्यांनी पिशवीतून पाणसळ काढली, उंबऱ्यावर ठेवली,
वाकून पाहिलं, मला बोलावलं.
बुडबुडा मधल्या रेघेपासून सरकून डावीकडे उभा.
"अर्ध्या सुताचा फरक हाये, बाई. चौकट कुणी बसवली?"